जुन्या पोरांची रांग

फार पूर्वी, डोंगरांना नावं होती पण डोंगरांतून रस्ते नव्हते अशा काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एक शाळा होती. शाळा चांगली होती, गुरुजी चांगले होते, फळा होता, घंटा होती. कमी होती ती फक्त पोरांची. गावातली सगळी पोरं आणून बसवली तरी निम्मी शाळा रिकामी राहायची.

बाकीची पोरं होती डोंगराच्या माथ्यावर. तिथे मोठं पठार होतं, पठारावर विखुरलेल्या वाड्या होत्या आणि वाड्यांवर पोरांना काही तोटा नव्हता. पण मध्ये घाट होता. घाटात दाट रान, एक खळाळता ओढा आणि इतक्या पायवाटा, की नवखा माणूस सकाळी आत शिरला तर संध्याकाळी कुठे बाहेर पडेल याचा नेम नाही. अशा रानातून लहान पोरांना एकटं कोण पाठवणार?

म्हणून त्या शाळेत एक रीत पडली होती. भाताची कापणी झाली, मळणी उरकली, की शाळेत शिकून गेलेली माणसं एक दिवस ठरवून जमायची. घाट चढून पठारावर जायची, दारोदार फिरून पोरं गोळा करायची आणि हाताला धरून त्यांना खाली आणायची. पोरं मग शाळेतच राहायची. पावसाळा तोंडावर आला की हीच माणसं त्यांना पुन्हा घरी पोचवून यायची. या कामाचा कुणाला मोबदला मिळत नसे आणि कुणी तो मागतही नसे. आपण या शाळेत शिकलो, तर शाळेसाठी एवढं तरी करावं, असं सगळ्यांना मनापासून वाटायचं. गावातले लोक त्यांना ‘जुनी पोरं’ म्हणत. त्यांतल्या काहींना नातवंडं झाली होती, काहींच्या तोंडात दात उरले नव्हते, तरी नाव तेच.

जुन्या पोरांचा एक म्होरक्या होता. माणूस सोन्यासारखा. इतक्या वर्षांत त्याने एकदाही खेप चुकवली नव्हती. ताप असला तर काढा पिऊन निघायचा, घरात लग्न असलं तर अक्षता टाकून निघायचा. घाटातलं झाड न् झाड त्याच्या ओळखीचं. पठारावर गेला की कुठल्या घरात कुणाला बाळ झालं, कुणाची म्हैस व्याली, कुणाचा कुणाशी अबोला आहे, सगळं त्याला ठाऊक. अंगणात उभा राहून तो दोन शब्द बोलायचा आणि आई डोळे पुसत पोराचं गाठोडं बाहेर आणून द्यायची.

आता या लोकांची चालायची तऱ्हा ऐका, कारण सगळी गोम त्यातच आहे. शाळेत असताना प्रार्थनेला जशी रांग लागायची तशीच रांग ते घाटात लावायचे. जो आधी शिकून गेला तो पुढे, जो नंतर शिकून गेला तो मागे. सगळ्यांत पुढे म्होरक्या. त्याच्या पाठीशी गेनू शिंपी. मग बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी हौसा कुंभारीण, कारण रांगेत सगळ्यांत धाकटी ती; तिच्यानंतर नवं कुणी रांगेत आलंच नव्हतं. रांग कधी बदलत नसे. कुणी देवाघरी गेला तर मागचे सगळे एक-एक पाऊल पुढे सरकत, तेवढाच काय तो बदल.

आणि एकदा रांगेत उभं राहिलं की माणसाचं वयही शाळेतलंच धरायचं, असा अलिखित कायदा होता. हौसाच्या केसांत चांगली रुपेरी झाक आली होती. तिची स्वतःची भट्टी होती, हाताखाली माणसं होती, आजूबाजूच्या बाजारांत तिच्या माठांना गिऱ्हाईक थांबून राहायचं. पण घाटात शिरताच पुढून हाक यायची, “बारके, पाय सांभाळ गं!” आणि हौसा म्हणायची, “व्हय दादा.” मग सगळे आपापल्या पुढच्याच्या पाठीकडे बघत, शाळेतल्या त्याच त्याच गमती एकमेकांना सांगत, हसत, गाणी म्हणत घाट चढायचे. फार मजेत जायचा तो दिवस.

पुढे म्होरक्याचे गुडघे दुखायला लागले. चढताना आवाज करायला लागले. एकदा शाळेच्या ओट्यावर तो गुडघ्याला तेल चोळत बसला होता. गुरुजी बाहेर आले आणि म्हणाले, “म्होरके, तुमच्यामागं हे काम कोण बघणार?”

“बघतील की. जरा मोठी होऊ देत पोरं,” म्होरक्या म्हणाला.

“म्हणजे कोण मोठं व्हायचंय अजून?”

“आता ही हौसाच घ्या.”

गुरुजी म्हणाले, “हौसाची नात माझ्या शाळेत दुसरीच्या वर्गात आहे.”

म्होरक्या तेल चोळायचा थांबला. हे खरं तर त्यालाही माहीत होतं, त्या नातीच्या बारशाचा पेढाही त्याने खाल्ला होता. पण कधी तसा विचार केला नव्हता. त्याने जुन्या पोरांची बैठक बोलावली आणि सरळ विचारलं, “माझ्यानंतर पुढं चालायला कोण तयार आहे?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. गेनू शिंपी म्हणाला, “दादा, असं अभद्र बोलू नका. तुम्ही असताना आम्ही पुढं चालायचं म्हणजे काय?” बाकीचे म्हणाले, “बरोबर आहे.” म्होरक्या तोंडाने म्हणाला, “अरे, असं कसं चालेल?” पण खरं सांगायचं तर आतून तो सुखावला होता. कोण नाही सुखावणार?

तरी गुरुजींचा शब्द राहावा म्हणून त्याने ठरवलं, की या खेपेला एकेकाची परीक्षा घेऊन बघायची. ओढ्यापाशी आल्यावर त्याने गेनूला पुढे काढलं आणि म्हणाला, “चल, दाखव वाट.”

गेनूने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खालच्या अंगाने ओढ्यात पाय घातला. पाय ओला होण्याच्या आत म्होरक्या ओरडला, “अरे तिथून नाही! वरच्या अंगानं, दगडांवरनं!” गेनू मुकाट्याने मागे आला.

पुढे हौसाची पाळी आली. तिला पुढे चालायला सांगून म्होरक्या तिच्या अगदी पाठीशी चालत होता. “डावीकडं. आता सरळ. तिथं थांबू नकोस. त्या मुळीवर पाय ठेव. तिच्यावर नाही गं, पलीकडच्या!” तो सांगेल तसे पाय टाकत हौसा गेली. पठारावर पोचल्यावर कुणी विचारलं असतं तर आपण कुठून आलो हे तिला सांगता आलं नसतं.

वाडीवरही तेच. गेनूने एका अंगणात घसा खाकरून “बाई, आम्ही शाळेकडून…” एवढं म्हटलं आणि म्होरक्याने वाक्य पुरं केलं. पुढच्या अंगणात गेनूने तोंडच उघडलं नाही.

परत आल्यावर म्होरक्या गुरुजींना म्हणाला, “बघितलं करून. एकालाही जमत नाही.” गुरुजी काही बोलले नाहीत. म्होरक्याला वाटलं, त्यांना पटलं.

पुढच्या साली मळणी उरकली, खेपेचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात म्होरक्याचा गुडघा गेला. सुजून भोपळ्याएवढा झाला. वैद्याने लेप लावून सांगितलं की खाटेवरून उतरायचं नाही.

जुनी पोरं खाटेभोवती जमली. म्होरक्या त्यांना वाट सांगायला लागला. “हे बघा, ओढा लागला की वर जायचं. मग ते झाड आहे ना, तिथून वळायचं. मग थोडं गेल्यावर ते हे लागतं, तिथून दुसरीकडं.” गेनूने विचारलं, “दादा, झाड कुठलं?” म्होरक्या म्हणाला, “अरे, ते नाही का, आपलं नेहमीचं!” वाट त्याच्या पायांना ठाऊक होती, जिभेला नव्हती. आणि बाकीच्यांनी इतक्या वर्षांत पुढच्याच्या पाठीखेरीज काही पाहिलं नव्हतं.

तरी ते निघाले. म्होरक्याच्या मागचा नंबर गेनूचा, म्हणून गेनू पुढे. ओढ्यापाशी तो पुन्हा खालच्या अंगाने उतरला आणि सगळे त्याच्यामागून उतरले. पलीकडे बांबूचं बन लागलं. बनातून बाहेर पडेपर्यंत दुपार झाली. मग एक वाट मिळाली, ती चांगली वाटली म्हणून ते तिच्यावरून चालत राहिले. उन्हं कलताना रानाबाहेर पडले, तर समोर त्यांच्याच गावचा पाणवठा. धुणं धुणाऱ्या बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“आलात एवढ्यात?” एकीने विचारलं. “आणि पोरं कुठायत?”

चार दिवसांनी ते पुन्हा एकदा निघाले आणि पुन्हा त्याच बनात अडकले. नंतर ज्याची त्याची कामं निघाली. कुणाची पेरणी, कुणाचा बाजार. त्या वर्षी शाळेची निम्मी जागा रिकामी राहिली.

वर पठारावर मात्र त्या दिवशी पहाटेपासून पोरं अंगणात उभी होती. आयांनी त्यांच्या डोक्याला तेल लावलं होतं, भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. दिवस डोक्यावर आला, कलला, मावळला. दुसऱ्या दिवशी आयांनी गाठोडी पुन्हा बांधली. तिसऱ्या दिवशी सोडली. ज्यांनी या वर्षी अक्षरं गिरवायची ती पोरं गुरांमागे गेली. एखाद्या मोठ्या माणसाचं एक वर्ष गेलं तर फारसं काही बिघडत नाही, पण सहा वर्षांच्या पोराचं वर्ष गेलं की ते गुरांमागेच राहतं, हे पठारावरच्या प्रत्येक आईला माहीत होतं.

रिकाम्या शाळेची बातमी खाटेवर पोचली तेव्हा म्होरक्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याची बायको पेज घेऊन आली तर त्याचे डोळे ओले होते.

“माझ्यामुळं झालं,” तो म्हणाला.

“गुडघा सुजला त्यात तुमचा काय दोष?” बायको म्हणाली.

“गुडघ्याचं नाही म्हणत मी. इतकी वर्षं माणसं माझ्यामागून आली. मी त्यांना नुसती माझी पाठ दाखवली.”

बायकोने पेजेची वाटी त्याच्या हातात दिली. ती रोखठोक बाई होती. म्हणाली, “मग पुढच्या खेपेला त्यांना पुढं घाला आणि तुम्ही मागून चाला.”

“घातलं होतं की. नाही जमलं त्यांना.”

“त्यांना नाही जमलं का तुम्हाला? तुम्हाला गप्प बसवत नाही. मी आमटीत मीठ टाकते तेव्हासुद्धा तुम्ही चुलीपाशी येऊन सांगता.”

म्होरक्याला हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण ते खरं होतं.

वर्षभरात गुडघा थोडाफार सुधारला. काठी घेऊन, बसत-उठत का होईना, घाट चढता येईल इतका. खेपेच्या दिवशी जुनी पोरं शाळेपुढे जमली आणि सवयीने रांगेत उभी राहिली. म्होरक्या काठी टेकत आला, रांगेच्या कडेने चालत पार शेवटाला गेला आणि हौसाच्या मागे उभा राहिला. मग म्हणाला, “आता सगळे माझ्याकडं तोंड फिरवा.” सगळे वळले. “आता चला.”

“दादा, असं कसं?” गेनू म्हणाला. रांग उलटी झाल्यामुळे तो आता म्होरक्यापासून फारच लांब जाऊन पडला होता. “बारकी पुढं?”

“हौसा पुढं,” म्होरक्या म्हणाला. तो हळूहळू चालत रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि गेनूच्याही मागे उभा राहिला. घरून निघताना बायकोने त्याच्या हातावर एक अख्खी सुपारी ठेवली होती. ती त्याने सगळ्यांना दाखवली. “ही मी गालात धरणार. खेप पुरी होईस्तोवर काढणार नाही. मला काही विचारू नका, मी सांगणार नाही. कुणी कड्यावरून पडायला लागला तरच थुंकेन.” आणि त्याने सुपारी तोंडात टाकली.

हौसाचं तोंड उतरलं. पण पाय उचलल्याशिवाय सुटका नव्हती, म्हणून तिने उचलले. गाणी त्या दिवशी कुणी म्हटली नाहीत. सगळे पहिल्यांदाच आजूबाजूला बघत चालले होते.

ओढा आला. हौसा थांबली. म्हणाली, “गेल्या साली आपण इथून खालनं गेलो आणि बनात अडकलो. आज वरनं जाऊ.” वरच्या अंगाला दगड होते. सगळे पाय न भिजवता पार झाले. मागे उभ्या म्होरक्याने मान हलवली, पण हौसाने काही मागे वळून पाहिलं नाही.

पुढे एक जांभळाचं झाड होतं. तिथे दोन वाटा फुटत होत्या. एक रुंद, मळलेली, चालायला सोपी. दुसरी अरुंद, गवतात निम्मी बुडालेली. हौसा विचारात पडली. मग तिने रुंद वाट धरली.

चुकली होती ती. म्होरक्याला ते पहिल्या पावलालाच कळलं. रांगेतले दोघेतिघे मागे वळले आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. गेनू तर अगदी जवळ येऊन म्हणाला, “दादा, बरोबर आहे ना? नुसती मान हलवा.”

म्होरक्याच्या जिभेच्या टोकावर शब्द आले होते. एक शब्द बोलला असता तर सगळ्यांचे कष्ट वाचले असते. त्याच्या स्वतःच्या गुडघ्याचेही. आणि वर पठारावर पोरं वाट बघत असतील की आता वाट बघायचीही सोडली असेल, या विचाराने त्याला एकेक क्षण जड होत होता. त्याने सुपारी या गालातून त्या गालात नेली, नजर जमिनीला लावली आणि हौसाच्या मागून चुकीच्या वाटेने चालायला लागला. आयुष्यभरात घाट चढताना त्याला इतके कष्ट कधी पडले नव्हते.

रुंद वाट वळत वळत गेली आणि एका झऱ्यापाशी संपली. पुढे नुसता कडा. सगळे दमून खाली बसले. कुणीतरी पुटपुटलं, “तरी मी म्हणत होतो.” तो काहीच म्हणत नव्हता, पण अशा वेळी असं म्हणणारा एक जण निघतोच.

हौसा मात्र बसली नाही. ती खाली वाकून पायाखालची वाट निरखत होती. चिखलात खुरांचे ठसे होते, शेणाचे पो होते. “ही गुरांची वाट हाय,” ती म्हणाली. “गुरं पाण्याला येतात इथं. गुरं पसरून चालतात म्हणून रुंद झाली. माणसं एकामागून एक जातात, त्यांची वाट अरुंदच असणार. ती गवतातली आपली.” मग ती सगळ्यांकडे वळली. “चुकले मी. चला मागं.”

म्होरक्या तिच्याकडे बघत राहिला. जांभळापाशी अरुंद वाट घ्यायची हे त्याला ठाऊक होतं. ती अरुंद का, ते मात्र त्याने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

सगळे मागे आले, गवतातली वाट धरली, आणि त्यानंतर सारेच जण वाकून वाकून वाट निरखायला लागले. गेनूला एका ठिकाणी माणसांनी रचलेले दगड दिसले आणि तो पोरासारखा ओरडला, “इकडं! इकडं!” पठारावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती.

पहिल्याच वाडीत भागू नावाच्या बाईचं घर होतं. ती अंगण सारवत होती. पाहुणे बघून तिने हात धुतले, पण ‘या’ म्हणाली नाही. तिची मुलगी जोत्यावर बसून खड्यांनी खेळत होती. गेल्या साली तिनेच गाठोडं घेऊन वाट बघितली होती.

भागूने थेट म्होरक्याकडे बघितलं. “गेल्या साली कुठं होतात?”

सगळे म्होरक्याकडे बघायला लागले. असल्या वेळी गोड बोलून माणसाला वळवणं हा त्याच्या हातचा मळ होता. आज मात्र त्याने सुपारी गालात घट्ट धरली. बोलायला काही नाही म्हणून नव्हे, त्याचा चेहरा सगळं सांगत होता.

हौसा पुढे झाली. “आम्ही निघालो होतो. वाट चुकलो. दोनदा चुकलो. आम्हाला वाट ठाऊकच नव्हती.”

“एवढी वर्षं येताय नि वाट ठाऊक नाही?”

“नाही. कधी बघितलीच नाही आम्ही. पुढचा चालला की मागून चालायचं.” हौसा जोत्यावरच्या पोरीकडे वळली. “तुझ्या पोरीचं वर्ष आमच्यामुळं गेलं. मला लई वाईट वाटतंय बाई.”

भागूने तोंड फिरवलं. घाटाकडे बघत म्हणाली, “मी पण त्याच शाळेत शिकले. माहिताय तुम्हाला? दादा, तुम्हीच न्यायचे मला. पार लग्न होईस्तोवर वाचायची हौस होती मला. गेल्या साली तुम्ही आला नाहीत तेव्हा मी पोरीला घेऊन घाटाच्या तोंडापर्यंत गेले. पुढं पाऊल टाकता येईना. मला तुम्ही हाताला धरून नेलंत आणि हाताला धरून आणलंत. वाट मला कुणी दाखवली होती?”

पठारावर घरोघरी अशी शिकून परत गेलेली माणसं होती. इतक्या वर्षांत त्यांना रांगेत या म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती आणायची आणि पोचवायची पोरं होती, आणि मोठी झाल्यावरही मंडळींच्या डोक्यात ती तेवढीच राहिली होती.

हौसा म्हणाली, “मग उद्या तू चल आमच्याबरोबर. पुढं चाल. मी तुझ्या मागं असेन.”

“मी? मला कुठं काय येतंय?”

“मला पण काल येत नव्हतं. चुकशील. मी आज चुकले, सगळ्यांना झऱ्यापर्यंत फिरवून आणलं. कुणी मेलं नाही.”

रात्री मुक्काम तिथेच पडला. सकाळी काही घरांनी पोरं दिली. काहींनी नाही दिली. “पुढल्या साली येताय का बघू, मग ठरवू,” असं ते म्हणाले, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. भागूने आपल्या पोरीचं गाठोडं स्वतःच्या काखेला मारलं आणि ती रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली. उतरताना ती एकदा चुकली. हौसा गप्प राहिली. पण गप्प राहणं तिलाही सोपं गेलं नाही, आणि तिने मागे वळून म्होरक्याकडे बघितलं तेव्हा दोघांनाही हसू आलं. ओढ्यापाशी भागू मागे गेली आणि गेनू पुढे आला. तेव्हापासून रीतच पडली. पाणी लागलं की पुढचा मागे जाणार आणि दुसरा पुढे येणार. जो चुकेल त्याला त्याची चूक कळेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

शाळा निम्म्याहून जास्त भरली. पुरी भरली नाही.

आणखी एक वर्ष गेलं. मळणी उरकली. गुडघा आता घाट चढण्याजोगा राहिला नव्हता, म्हणून म्होरक्या घरीच होता. खेपेचा दिवस जवळ आला तसा तो अंगणात येऊन बसायला लागला. त्याला वाटत होतं, कुणीतरी येईल, निदान एकदा विचारून जाईल, की दादा, यंदा कसं करायचं? कुणी आलं नाही.

“कुणी विचारायला आलं नाही ना?” बायकोने विचारलं.

“नाही.”

“वाईट वाटलं?”

“वाटलं,” म्होरक्या म्हणाला. तो काही खोटं बोलणारा माणूस नव्हता.

खेपेच्या दिवशी सकाळी मात्र त्याला राहवलं नाही. निघण्याआधी दोन गोष्टी सांगाव्यात म्हणून तो काठी टेकत शाळेपाशी गेला. तिथे कुणी नव्हतं. गुरुजी म्हणाले, सगळे उजाडतानाच गेले. म्होरक्या फाटकात उभा राहून घाटाकडे बघत राहिला. आता जाऊन दुसऱ्या दिवशी दुपारी येतील, असा त्याने मनाशी हिशेब केला. वळून घरी निघणार, तेवढ्यात रानातून पोरांचा गलका ऐकू आला.

त्याचा विश्वास बसेना. एवढ्यात कसे? मग त्याला दिसलं. पुढे भागू होती. तिच्यामागे पठारावरची पोरं, मग पठारावरची आणखी माणसं, जी कधीकाळी याच शाळेत शिकून गेली होती आणि ज्यांची नावं आता त्याला पटकन आठवत नव्हती. त्यांनी कुणाची वाट न बघता पोरं गोळा केली होती आणि आदल्या दिवशीच घाट उतरायला सुरुवात केली होती. रात्री ओढ्याकाठी मुक्काम केला, आणि सकाळी तिथेच त्यांना गावातून निघालेली जुनी पोरं भेटली. हौसा, गेनू आणि बाकीचे आता रांगेच्या शेवटी होते. दमलेल्या पोरांना त्यांनी पाठुंगळी घेतलं होतं. गेल्या साली ज्यांनी पोरं दिली नव्हती त्या घरांतलीही पोरं होती. म्होरक्या बघत होता आणि रांग काही संपत नव्हती.

भागू फाटकापाशी आली आणि थांबली, कारण फाटकात म्होरक्या उभा होता. तो इतका हरखून गेला होता की आपण कुठे उभे आहोत याचं त्याला भान नव्हतं.

“दादा,” भागू म्हणाली, “जरा बाजूला होता का? पोरांना आत जाऊ द्या.”

मागचे सगळे दचकले. गेनूने जीभ चावली. म्होरक्याला बाजूला हो म्हणायचं आजवर कुणाचं धाडस झालं नव्हतं.

म्होरक्याने भागूकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याने लपवलेही नाहीत.

“होतो की,” तो म्हणाला. त्याने काठी उचलली आणि फाटकातून बाजूला सरला. पोरं आत गेली.

तात्पर्य: आपल्यामागे काम चालू राहावं असं वाटत असेल, तर आपण असतानाच दुसऱ्याला पुढे चालू द्यावं. तो चुकेल तेवढा वेळ गप्प राहावं, आणि त्याला वाट सापडली की वाटेतून बाजूला व्हावं.